दोष एकटीचा नव्हे
अंडकोशातील फुगलेल्या शिरा (व्हेरिकोसील) व त्यांवरील बिनटाक्याचा उपचार



आपल्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती अशा विषयांवर लेख येत असतात. ते यावयासच हवेत. परंतु यंदा आम्ही घेतलेला विषय चारचौघांत बोलला जात नाही. विहाराच्या ओट्यावर नाही, चावडीवर नाही आणि नवरा-बायकोतही नाही. तो विषय म्हणजे पुरुषाच्या अंडकोशातील शिरा फुगण्याचा विकार होय. डॉक्टर लोक त्यास 'व्हेरिकोसील' म्हणतात. मूल न होण्याच्या कारणांत हा विकार पुष्कळदा सापडतो. तो तपासता येतो आणि बहुधा सुधारताही येतो. तरीही आपल्या करकंबसारख्या गावात मूल झाले नाही की बोट प्रथम सुनेकडे जाते व बहुतेक वेळा तेथेच थांबते. म्हणून हा लेख.

काही वाचकांस हा विषय स्मरणिकेस शोभत नाही असे वाटेल. त्यांना आम्ही एक आठवण करून देऊ इच्छितो. रघुनाथ धोंडो कर्वे हे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवीत. शरीर व संतती यांविषयी शास्त्रीय माहिती छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली अशा खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला, परंतु शरीराविषयीचे खरे ज्ञान देणे हा गुन्हा नव्हे, ही बाबासाहेबांची भूमिका इतिहासात राहिली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तोही बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांच्यामार्फत. ज्या समाजाच्या नेत्याने नव्वद वर्षांपूर्वी हा विषय न्यायालयात व सभागृहात नेला, त्या समाजाने तो आज स्मरणिकेत छापण्यास लाजावे, हे आम्हांस पटत नाही.

तथागतांचेही उदाहरण आहे. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे की, एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता व कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदास पाणी आणावयास सांगून त्याच्यासह त्या भिक्खूस धुतले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश केला. आजाऱ्याची सेवा तथागतांनी किळसवाणी मानली नाही. दुःख ओळखा, त्याचे कारण शोधा, ते दूर होते हे जाणा आणि दूर करण्याचा मार्ग धरा, हीच चार आर्यसत्यांची रीत आहे. याच क्रमाने आम्ही पुढील माहिती मांडत आहोत.

दुःख : आमच्याच घरातील हकिकत

दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविण्यापूर्वी आमचे सांगतो. आमचे लग्न २००८ साली झाले. दोन वर्षे गेली, तीन गेली, पाळणा हलला नाही. आमच्या पत्नीस पंढरपुरात तीन ठिकाणी दाखविले. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका उघड्या आहेत काय हे पाहण्यासाठी फोटो काढला. तो फोटो काढताना तिला फार कळ लागली होती. सर्व अहवाल चांगले आले, तरी गोळ्या व इंजेक्शने चालूच राहिली. आमचे घर दीक्षा घेतलेले. पौर्णिमेस विहारात वंदना होत असे. परंतु शेजारणीच्या सांगण्यावरून आई सुनेस घेऊन गुपचूप नवस बोलून आली होती. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात हे घडले. आम्हांस ते ठाऊक होते आणि आम्ही गप्प राहिलो.

या काळात आमची स्वतःची एकही तपासणी झाली नव्हती. २०१३ साली एका डॉक्टरीण बाईंनी फाईल चाळून विचारले, "यांचा रिपोर्ट कुठाय?" आम्हांस राग आला. आम्ही धडधाकट, रोज सायकल चालविणारे, आमची तपासणी कशाला? त्या शांतपणे म्हणाल्या, "बाईंच्या सोळा तपासण्या झाल्यात, तुमची एक होऊ द्या." ती एक तपासणी अत्यंत साधी होती. त्यात शुक्राणूंची संख्या व हालचाल दोन्ही बरीच कमी निघाली, आणि नंतरच्या तपासणीत डाव्या बाजूस मोठे व्हेरिकोसील सापडले. शाळेत असल्यापासून डावी बाजू जरा जड व लोंबती वाटत असे. कधी कोणास सांगितले नव्हते.

बँकेत दिवसाअखेर शंभर रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत घरी न जाणारे आम्ही. पण घरच्या हिशेबात पाच वर्षे एकच बाजू तपासली आणि दुसरी कोरी ठेवली. ही चूक कोणा डॉक्टरची वा आईची म्हणता येणार नाही, ती आमची होती. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण असते, कधी एकटे, तर कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीने. म्हणजे दोघांपैकी एकाचीच तपासणी करणे हे अर्धेच काम होय.

कारण : शिरा का फुगतात?

वृषण, म्हणजे ज्यास गावात नुसते 'अंड' म्हणतात, ते पोटाबाहेर पिशवीत का ठेवलेले असतात? शुक्राणू तयार होण्यास अंगापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी उष्णता लागते म्हणून. या पिशवीस अंडकोश म्हणतात. वृषणाकडे धमनीतून ताजे रक्त येते आणि वापरलेले रक्त बारीक शिरांच्या जाळ्यातून वर परत जाते. हे जाळे धमनीस वेढून असते व येणाऱ्या गरम रक्तास थंड करते. निसर्गाची ही योजना फार नामी आहे.

आता अडचण अशी की, परत जाणाऱ्या रक्तास अंडकोशातून मूत्रपिंडाच्या पातळीपर्यंत सरळ वर चढावे लागते. ते खाली घसरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. आपल्या शेतकरी बांधवांस हे लगेच कळेल. विहिरीवरील मोटारीच्या पाइपास तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो चांगला असेल तर मोटार बंद केली तरी पाइपातील पाणी टिकते. तो गळका झाला की पाणी खाली उतरते. शिरांतील झडपा कमजोर असल्या किंवा मुळातच नसल्या, की तसेच रक्त उलटे खाली येते व साचते. साचलेल्या रक्ताच्या दाबाने शिरा फुगतात, लांबतात, वेड्यावाकड्या होतात. पायावर निळ्या शिरा फुगलेल्या आपण पाहतो, तसाच हा प्रकार आहे.

साचलेल्या रक्तामुळे अंडकोशातील उष्णता वाढते, थंड करण्याची योजना बिघडते आणि वृषणातील पेशींस अपाय करणारे घटक वाढतात. त्यामुळे काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या, हालचाल व घडण यांवर परिणाम होतो. काहींत वृषण हळूहळू लहानही होते.

हा विकार दहापैकी आठ-नऊ वेळा डाव्या बाजूसच का आढळतो? उजव्या वृषणाची शीर पोटातील मोठ्या महाशिरेस तिरकी मिळते. डावी मात्र तिच्याहून आठ-दहा सेंटिमीटर लांब असून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेस काटकोनात मिळते. लहान चारी मोठ्या पाटास सरळ काटकोनात जोडली तर पाणी तुंबते, तसे येथे होते. शिवाय मूत्रपिंडाची ती शीर दोन मोठ्या धमन्यांच्या मधून जाते व काही जणांत तेथे दाबली जाते.

हा विकार वयात येताना दिसू लागतो. सर्व पुरुषांत साधारण शंभरात पंधरा जणांस तो असतो. ज्यांना पहिले मूलच होत नाही अशा पुरुषांत शंभरात पस्तीस ते चाळीस जणांस. या दोन आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हा विकार दुर्मीळ नाही. दुसरी, व्हेरिकोसील असलेल्या पुष्कळ पुरुषांस काही त्रास न होता मुलेबाळे होतात. सबब नुसता विकार सापडला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तो कोणाच्या पापाने, नजर लागल्याने अथवा लहानपणीच्या सवयीने होत नाही. संसर्गजन्य नाही. पुरुषत्वाशी, म्हणजे संबंधाच्या ताकदीशी, त्याची गल्लत करू नये. उत्तम संबंध होणाऱ्या पुरुषाचेही शुक्राणू कमी असू शकतात. आम्हांस राग आला तो याच गैरसमजापोटी.

ओळख : लक्षणे व तपासणी

बहुतेकांस काही लक्षण नसते. काहींस दिवसभर उभे राहिल्यावर, ऊसतोडीत मोळ्या वाहिल्यावर किंवा पोती उचलल्यावर अंडकोशात जडपणा व ठसठस जाणवते आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. विकार मोठा असेल तर अंडकोशाच्या वरच्या भागात गांडुळांच्या गुंत्यासारखे हातास लागते.

डॉक्टर रुग्णास उभे करून तपासतात व श्वास रोखून पोटावर जोर देण्यास सांगतात. हाताने केलेल्या तपासणीवरून तीन पायऱ्या मानतात : जोर दिल्यावरच हातास लागणारा तो पहिला, जोर न देताही हातास लागणारा दुसरा, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारा तो तिसरा. शंका असल्यास डॉपलर सोनोग्राफी करतात. तीत शिरांची जाडी व रक्त उलटे वाहते काय हे पडद्यावर दिसते. या तपासणीत दुखत नाही.

वीर्यतपासणीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण येथेच पुरुष मागे सरतात. दोन ते सात दिवस संबंध टाळून मग प्रयोगशाळेत स्वच्छ डबीत वीर्य द्यावयाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, शंभरात ४२ हालचाल करणारे आणि शंभरात ४ योग्य घडणीचे, ही खालची मर्यादा धरतात. आकडा याहून कमी आला म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे आणि जास्त आला म्हणजे होईलच असेही नव्हे. ताप, आजारपण, जागरण यांनी आकडे खालीवर होतात. म्हणून अहवाल खराब आल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. एका कागदावर निकाल देऊ नये.

पुढील गोष्टींत मात्र दिरंगाई करू नये :

(१) अंडकोशात अचानक असह्य कळ आली, विशेषतः मुलांत व तरुणांत, तर वृषणास पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची आशा चांगली असते. सकाळ होण्याची वाट पाहू नये.

(२) शिरा फक्त उजवीकडेच फुगल्या, मोठ्या वयात एकाएकी फुगल्या किंवा आडवे झाल्यावरही ओसरत नाहीत, तर पोटाची तपासणी करून घ्यावी. क्वचित मूत्रपिंडाजवळील गाठ हे त्याचे कारण असते.

(३) वृषणातच कठीण, न दुखणारी गाठ लागली तर ती व्हेरिकोसील नव्हे, तात्काळ दाखवावे.

अंडात पाणी होणे व अंतर्गळ हे आणखी वेगळे विकार आहेत. वरून सूज सारखी दिसली तरी उपचार वेगळे असतात, म्हणून ऐकीव सल्ल्यावर जाऊ नये.

निवारण : कोणास उपचार लागतो?

व्हेरिकोसील दिसले की ते काढलेच पाहिजे, असे नाही. हातास लागणारे व्हेरिकोसील आहे, वीर्याचा अहवाल बिघडलेला आहे आणि एक वर्ष प्रयत्न करूनही मूल होत नाही, अशा पुरुषास उपचाराचा सल्ला देतात. वाढत्या वयाच्या मुलाचे त्या बाजूचे वृषण लहान राहत असेल तर, किंवा दुसरे कारण नसलेले दुखणे सतत त्रास देत असेल तरही उपचार करतात. ज्याचा अहवाल चांगला आहे व दुखत नाही त्याने वेळोवेळी तपासून घेणे पुरेसे आहे. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हातास न लागणाऱ्या बारीक शिरांसाठी शस्त्रक्रिया करून लाभ होतो असे दिसलेले नाही.

फुगलेल्या शिरा पूर्ववत करणारी गोळी, लेप वा काढा नाही. घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी दुखणे कमी करते, विकार नाही. तंबाखू, मावा व दारू सोडणे शुक्राणूंच्या दृष्टीने हिताचे आहे. व्यायामशाळेत अंग कमावण्यासाठी काही तरुण हार्मोनची इंजेक्शने घेतात. त्यांनी शुक्राणू तयार होणे बंदही पडते, हे तरुणांनी नीट ऐकावे.

मार्ग : शस्त्रक्रिया आणि बिनटाक्याचा उपचार

सर्व उपचारांचे तत्त्व एकच : रक्त उलटे ज्या शिरेतून येते ती बंद करावयाची. मग रक्त आपोआप दुसऱ्या चांगल्या शिरांतून वर जाते. गळका पाट बांध घालून बंद केला की पाणी चांगल्या पाटाने जाते, तसे.

जुन्या पद्धतीत पोटाच्या खालच्या भागास किंवा जांघेत छेद घेऊन शीर बांधत. १९५० च्या दशकाच्या आरंभी एडिंबरो येथील डॉ. टलक यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. वीर्यात शुक्राणूच नसलेल्या त्या पुरुषाचे व्हेरिकोसील बांधल्यावर त्यास मूल झाले. तेव्हापासून या विकाराकडे जगाचे लक्ष गेले. पुढे १९८५ च्या सुमारास सूक्ष्मदर्शक यंत्राखाली शस्त्रक्रिया करण्याची पद्धत आली. जांघेत दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन, धमनी व रसवाहिन्या सांभाळून फक्त बिघडलेल्या शिरा बांधतात. रसवाहिन्या चुकून बांधल्या गेल्या तर पुढे अंडात पाणी होते. सूक्ष्मदर्शकामुळे तो धोका अगदी कमी झाला आणि विकार उलटण्याचे प्रमाणही शंभरात एक-दोनवर आले. अनुभवी हाताची ही शस्त्रक्रिया आजही पुष्कळ डॉक्टर पहिली पसंतीची मानतात. दुर्बिणीतून पोटातील शीर बांधण्याचीही पद्धत आहे; तीस पूर्ण भूल लागते.

बिनटाक्याची पद्धत यांहून निराळी आहे. तिला एम्बोलायझेशन म्हणतात व ती क्ष-किरणशास्त्रातील खास शिक्षण घेतलेले डॉक्टर करतात. १९५३ साली स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी सुईवाटे रक्तवाहिनीत बारीक नळी घालण्याची युक्ती शोधली. हृदयाची अँजिओग्राफी याच युक्तीने होते. १९७८ पासून तीच युक्ती व्हेरिकोसीलसाठी वापरली जाऊ लागली. म्हणजे ही काल-परवाची प्रयोगाची गोष्ट नव्हे.

आम्ही हीच पद्धत निवडली. सोलापुरात शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. पुण्यात दोन्ही पर्याय समजावून सांगण्यात आले. जे घडले ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. टेबलावर उताणे झोपविले. उजव्या जांघेत बधिर करण्याचे इंजेक्शन दिले. काहींना मानेतून देतात. पुढे सुईएवढ्या छिद्रातून बारीक नळी शिरेत घातली. ती क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डॉक्टरांनी महाशिरेतून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत व तेथून वृषणाच्या शिरेत उतरविली. शिरेत आतून जाणीव नसते, त्यामुळे नळी सरकते ते कळत नाही. रंगद्रव्य सोडले तेव्हा पोटात ऊब वाटली. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळविला. वर जावयाचे रक्त सरळ खाली अंडकोशाकडे धावत होते. शाळेपासूनचा जडपणा कशाचा होता, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

नंतर नळीतून धातूच्या बारीक तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, शिरेत सोडली व जोडीला शीर चिकटविणारे औषध दिले. रंगद्रव्य पुन्हा सोडले तर खाली काही उतरेना. एकूण तासाभराचे काम. नळी काढून जागेवर दाब दिला, पट्टी लावली. टाका एकही नाही. काही तास झोपवून ठेवले आणि संध्याकाळी सोडले. कंबरेत व अंडकोशात चार-पाच दिवस ओढल्यासारखे दुखले. आठवडाभर जड उचलावयाचे नव्हते. परंतु आम्ही पाचव्या दिवशी कामावर होतो. कॉइल शरीरात कायम राहते व तिचा त्रास होत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही थोड्या रुग्णांत शिरेची ठेवण अशी असते की नळी योग्य जागी जातच नाही. उजव्या बाजूस ही अडचण अधिक येते. मग शस्त्रक्रिया करावी लागते. शंभरात दहापेक्षा कमी जणांत विकार पुन्हा उद्भवतो. सुईच्या जागी काळेनिळे होणे, शिरेस सूज येणे, रंगद्रव्याची ॲलर्जी, क्वचित कॉइल जागेवरून सरकणे असे त्रास होऊ शकतात. आयोडीनयुक्त रंगद्रव्याची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधीच सांगावे. हे तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात व खर्चाची चौकशी आधी करावी लागते. उलट, पूर्ण भूल नको असेल, लवकर कामावर जावयाचे असेल, किंवा एकदा शस्त्रक्रिया होऊन विकार उलटला असेल, तर ही पद्धत फार सोयीची पडते. संततीच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींचे फळ जवळपास सारखेच मानले जाते. म्हणून आपल्या आवाक्यात व जवळपास अनुभवी हात कोणाचा आहे, हे पाहून ठरवावे.

फळ किती व केव्हा?

शुक्राणू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो. त्यामुळे पहिली तपासणी तीन महिन्यांनी करतात. महिन्याभरात फरक दाखवितो असे म्हणणारा खोटे बोलतो. साधारण तीनपैकी दोघांचा अहवाल सुधारतो. मूल होणे मात्र पत्नीचे वय, तिची प्रकृती व इतर अनेक बाबींवर अवलंबून असते, त्यामुळे अहवाल सुधारूनही काही जोडप्यांस मूल होत नाही. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच दोघांची तपासणी करावी आणि शुक्राणू वाढण्याची वाट पाहण्यात वेळ घालवावा की टेस्ट ट्यूब पद्धतीचा विचार करावा, हे डॉक्टरांस स्पष्ट विचारावे. भारतातील शास्त्रीय नोंदींसह झालेले पहिले टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी जन्मास आले, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आमचा अहवाल सहा महिन्यांनी सुधारला आणि २०१५ साली आम्हांस कन्यारत्न झाले. परंतु आमच्यासारखाच उपचार घेतलेल्या एका स्नेह्यास मूल झाले नाही. त्यांचे ठणकणे गेले, आणि त्यांच्या पत्नीवरील बोलणी थांबली. बाई निर्दोष होती हे कागदावर आले. आमच्या मते हेही फळ लहान नाही.

कोठे जावे, कोठे जाऊ नये

प्रथम पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सकास दाखवावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय झालेला आहे. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, ज्यास आपण 'सिव्हिल' म्हणतो. २ जुलै २०१२ रोजी जी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. आता तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. कोणता उपचार योजनेत बसतो याची यादी बदलत असते, म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्रास शिधापत्रिका दाखवून आधी विचारावे.

एस.टी. स्टँडच्या भिंतीवर व रस्त्याकडेच्या तंबूवर 'हमखास संतती', 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' अशा पाट्या असतात. तेथे जाऊ नये. अशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९५४ पासून देशात कायदा आहे. अंगात येणारे, ताईत देणारे, मूल देतो म्हणून स्त्रीस एकटीला बोलावणारे बाबा यांपासून तर दूरच राहावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अलौकिक शक्तीने मूल देतो असे सांगून स्त्रीशी संबंध ठेवणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरविलेला आहे. अशी फसवणूक झाल्यास पोलिसांत जाण्यात बदनामी नाही; गप्प बसण्यात दुसऱ्या बाईचे नुकसान आहे.

शेवटी विनंती

आमच्या तीन विनंत्या आहेत. तरुणांस, की अंडकोशात जडपणा वा गुंता जाणवला तर मित्रांच्या थट्टेस न घाबरता एकदा डॉक्टरांस दाखवा. नवविवाहितांस, की वर्षभरात दिवस गेले नाहीत तर पहिल्याच दिवशी दोघांनी एकत्र जा आणि पहिली तपासणी पुरुषाने करून घ्यावी, कारण ती सर्वांत सोपी आहे. आणि घरातील वडीलधाऱ्या आया-मावश्यांस, की सुनेस विचारण्यापूर्वी लेकास विचारा. आमच्या आईने अहवाल पाहिल्यावर सुनेचा हात धरून, "माझं चुकलं, पोरी," एवढेच म्हटले. तिला वाचता येत नव्हते, पण समजावयास वेळ लागला नाही. शिकलेल्या आम्हांस पाच वर्षे लागली.

बाबासाहेबांनी आपल्यास जो धम्म दिला तो ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता तपासून पाहावयास सांगतो. ही तपासणी स्वतःपासून सुरू व्हावी, इतकेच मागणे.

जय भीम! नमो बुद्धाय!